मोहल्ल्यातले आइसक्रीम कशावर टिकेल?

रमजान हा जसा उपवासाचा महिना आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. वर्षभराच्या शिलकीवर आणि दुकानातल्या मालावर चाळिसावा हिस्सा जकात काढायची म्हणून अनेक व्यापारी याच महिन्यात वह्या उघडतात. दाऊदी बोहरा समाजात ‘वाजेबात’ भरण्याची रीतही याच महिन्यातली. माल किती, येणे किती, देणे किती, आणि हातात खरोखर काय उरले, हे वर्षातून एकदा तरी नीट पाहायचे, हा त्यामागचा व्यवहार. तोच व्यवहार आज आपण एका दुकानाला लावून पाहू. दुकान लहान आहे, पण त्याच्या वहीत मुंबईसारख्या शहराचे बरेच देणे-घेणे नोंदलेले आहे.

भेंडी बाजाराच्या बोहरी मोहल्ल्यातले ‘ताज आइसक्रीम’ हे दुकान आपला जन्म 1887 चा सांगते. तेव्हापासून ते एकाच घराण्याकडे आहे. बोहरा समाजात धंदा हेच आडनाव होण्याची परंपरा आहे. लोखंडवाला, बाटलीवाला, मिठाईवाला ही आडनावे आपल्या ओळखीची आहेत. त्याच परंपरेने हे घराणे ‘आइसक्रीमवाला’ झाले. सीताफळ, आंबा अशा फळांचे आइसक्रीम इथे आजही संचावर, म्हणजे हाताने फिरवायच्या भांड्यात होते. तरावीहची नमाज आटोपून, मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा आणि फिरनी खाऊन निघालेली माणसे रात्री उशिरा इकडे वळतात. मुंबईच्या खाद्यभ्रमंतीवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी या दुकानाबद्दल लिहिले आहे. कौतुकाची बाजू त्यामुळे भक्कम आहे. आपल्याला दुसरी बाजू तपासायची आहे.

दोन पंचांगांचे दुकान

आइसक्रीमचा धंदा उन्हाळ्यावर चालतो. मोहल्ल्यातले आइसक्रीमचे दुकान मात्र दोन पंचांगांवर चालते, एक सूर्याचे आणि एक चंद्राचे. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि 32-33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. 1887 मध्ये रमजान मेच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. त्यानंतर 1920, 1952, 1985 आणि 2017 या वर्षी तो पुन्हा मेच्या उत्तरार्धात आला. म्हणजे या दुकानाने रमजानचे चार पूर्ण फेरे पाहिले.

यातली व्यापारी बाजू सहज लक्षात येण्यासारखी आहे. रमजान एप्रिल-मे-जूनमध्ये येतो तेव्हा उन्हाळ्याचे गिऱ्हाईक आणि रमजानच्या रात्रीचे गिऱ्हाईक एकाच वेळी दारात असते. पुढे तो थंडीत सरकतो तेव्हा हे दोन हंगाम वेगळे होतात. यंदा तो फेब्रुवारीत सुरू झाला. 2030 मध्ये तर तो दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. थंडीतल्या रमजानात दुकान चालते ते उन्हामुळे नव्हे, तर माणसांच्या सवयीमुळे आणि रीतिरिवाजामुळे.

तो रिवाज या मोहल्ल्यात पक्का आहे. बोहरा कुटुंबात एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण एकत्र बसून जेवतात. चिमूटभर मीठ चाखून जेवणाला सुरुवात होते. मग ‘मिठास’ आणि नंतर ‘खारास’, म्हणजे आधी गोड, मग तिखटमिठाचे. त्या पहिल्या मिठासात आइसक्रीमला मानाची जागा आहे. इतर घरांत जेवण झाल्यावर आठवण झाली तर आइसक्रीम येते, इथे कित्येकदा जेवणच त्यापासून सुरू होते. लग्न, जमातीचे जेवण, घरातला आनंदाचा प्रसंग, कशालाही ऋतू पाहावा लागत नाही. शंभराहून अधिक वर्षे हे दुकान उभे राहिले ते या थाळांच्या आधारावर. चव हे टिकण्याचे एक कारण झाले. चवीला रोजचे गिऱ्हाईक देणारा शेजार, हे दुसरे आणि अधिक मोठे कारण.

संचाचे अर्थकारण

संचा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे लग्नाकार्यात आणि सुटीच्या दिवसांत ‘पॉट आइसक्रीम’ होत असे, तेच हे यंत्र. लाकडी बादली, तिच्यात धातूचा डबा, मधल्या जागेत बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. त्या थंडीने डब्यातले आटवलेले दूध कडेला गोठू लागते आणि दांडा फिरत राहिल्यामुळे त्याचे मोठे खडे न होता ते मऊ घट्ट होते. बर्फ डब्याबाहेर, खाण्याचा ऐवज डब्याच्या आत. मुंबईत 1830 च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने बर्फ येऊ लागला तेव्हा आइसक्रीम हे धनिकांच्या मेजवानीतले नवल होते. पुढे बर्फ इथेच यंत्रावर तयार होऊ लागला, लादी स्वस्त झाली आणि संचा मोहल्ल्यात पोचला. म्हणजे हे दुकान मुळात तंत्रज्ञानाच्या स्वस्ताईतूनच जन्मले आहे. त्याला ‘जुनाट’ म्हणताना हे विसरू नये.

हाताने फिरवलेल्या आइसक्रीममध्ये हवा कमी मिसळते. कारखान्यातल्या यंत्रात ती हवी तेवढी मिसळता येते. नियमाप्रमाणे एक लिटर आइसक्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असले पाहिजे. म्हणजे डब्याचा बराच भाग हवेने भरलेला असला तरी तो कायद्यात बसतो. आइसक्रीममध्ये दुधाचे स्निग्धांश किमान 10 टक्के असणे बंधनकारक आहे. त्याऐवजी वनस्पती तेल वापरले तर त्या पदार्थाला आइसक्रीम म्हणता येत नाही, ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहावे लागते. लिहिलेले असते, पण लहान अक्षरांत. गिऱ्हाईक आकार पाहते आणि किंमत पाहते, वजन पाहत नाही. संचावाल्याचे नुकसान इथून सुरू होते. त्याच्या वाटीत माल जास्त, हवा कमी. पण स्पर्धा मात्र वाटीशी वाटीची.

आता खर्च पाहा. दूध, साखर, फळे, बर्फ, मीठ आणि मजुरी. बीडचे सीताफळ, घोलवडचे चिकू, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोकणचा हापूस या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळांच्या अशा आइसक्रीमला महाराष्ट्रातच माल मिळतो आणि तो हंगामाप्रमाणे मिळतो. फळ सोलायला, बिया काढायला, गर वेगळा करायला माणसे लागतात. सीताफळाच्या एका वाटीमागे किती हात लागतात, हे घरी एकदा सीताफळाची बासुंदी केलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

पानमसाल्याच्या यादीत

2017 हे वर्ष या वहीत जाड अक्षरांत लिहावे लागेल. त्या वर्षी रमजान पुन्हा मे-जूनमध्ये आला होता. दोन्ही हंगाम एकत्र आल्याचे सुख देऊन ईद 26 जूनला झाली आणि पाचच दिवसांनी, 1 जुलैला, वस्तू आणि सेवा कर लागू झाला. आइसक्रीमवर तो 18 टक्के होता.

दरापेक्षा मोठी गोष्ट दुसरी होती. लहान उत्पादकांसाठी जीएसटीत कंपोझिशन योजना आहे. उलाढाल ठरावीक मर्यादेत असेल तर थोडा ठोक कर भरायचा आणि किचकट विवरणपत्रांतून सुटायचे. ही सवलत ज्या उत्पादकांना नाकारली त्यांची यादी लहान होती: पानमसाला, तंबाखू आणि आइसक्रीम. पुढे 2019 मध्ये मालाच्या व्यापाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांवरून 40 लाखांवर नेली, तेव्हाही आइसक्रीमवाल्याला त्यातून वगळले. पानमसाला आणि तंबाखू यांच्या बाबतीत करचुकवेगिरीची भीती समजू शकते. गल्लीतल्या आइसक्रीमवाल्याला त्यांच्या पंक्तीत बसवताना कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मोठ्या कंपन्या होत्या. नियम मोठ्यांकडे पाहून झाला, लागू लहानांनाही झाला.

या कराचा हातकामावर वेगळा भार पडतो, हे फारसे बोलले गेले नाही. जीएसटीत कच्च्या मालावर भरलेला कर उत्पादकाला वजा करून मिळतो. ताजे दूध आणि ताजी फळे करमुक्त आहेत, त्यामुळे त्यांवर वजा करायला काही नसते. मजुरीवर जीएसटी नाही, म्हणून तिथेही काही नाही. मोठ्या कंपनीला यंत्रे, वेष्टन, जाहिरात या सगळ्यांवरचा कर वजा करता येतो. संचावर काम करणाऱ्याचा खर्च नेमका दूध, फळ आणि माणसे यांत आहे. म्हणजे जो जितके हाताने करतो, त्याची वजावट तितकी कमी. 100 रुपयांना विकलेल्या वाटीत 18 टक्के दराने 15 रुपयांहून थोडा अधिक कर होता. भाव वाढवावा तर गल्लीतले पोर परत जाणार, न वाढवावा तर नफा जाणार.

भरीस भर म्हणून आइसक्रीम पार्लर म्हणजे उपाहारगृह की दुकान, असाही घोळ झाला. तयार आइसक्रीम विकणाऱ्या पार्लरला उपाहारगृहाचा 5 टक्के दर लागणार नाही, असा खुलासा ऑक्टोबर 2021 मध्ये आला. आधीच 5 टक्क्यांनी कर भरलेल्यांचे काय, हे मिटायला पुढचे वर्ष उजाडले.

अखेर 22 सप्टेंबर 2025 पासून आइसक्रीमवरचा दर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तेवढ्याच 100 रुपयांच्या वाटीत आता पावणेपाच रुपयांच्या आसपास कर आहे. ही मोठी सुटका आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. मात्र दर उतरल्याने ती यादी आपोआप बदलत नाही. लहान दुकानदाराला करापेक्षाही जास्त खाते ते कागदकाम. आइसक्रीमवरचा कर ज्या सरकारने बिस्किट-नमकीनच्या पातळीवर आणला, त्याने आइसक्रीम करणाऱ्यालाही पानमसाल्याच्या पंक्तीतून उठवावे, ही मागणी वाजवी आहे.

भिंती पडल्या त्या दिवसानंतर

त्याच 2017 सालच्या 31 ऑगस्टला भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. 33 माणसे गेली. बकरी ईद दोन दिवसांवर होती. जुन्या मोहल्ल्याच्या आठवणींत रमणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा समोर ठेवूनच पुनर्विकासाबद्दल बोलावे. या इमारती पाडायलाच हव्यात. तिथे राहणाऱ्यांना जिवाची हमी हवी आहे.

भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टकडे आहे. 2009 मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टचा प्रकल्प सुमारे साडेसोळा एकरांचा आहे. सुमारे 250 इमारती, 3200 कुटुंबे आणि 1250 दुकाने त्यात येतात. भाडेकरूला मालकी हक्काचे घर मिळते, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. देशात एवढ्या दाट वस्तीत असा प्रयोग क्वचितच झाला असेल.

दुकानाच्या बाजूने मात्र तीन प्रश्न उरतात. ते एकट्या भेंडी बाजाराचे नाहीत, मुंबईतल्या प्रत्येक जुन्या बाजाराचे आहेत. पहिला प्रश्न भाड्याचा. जुन्या मुंबईतले बहुतेक लहान दुकान पगडीवर उभे आहे. सुरुवातीला ठोक रक्कम, मग नाममात्र भाडे आणि कायद्याचे संरक्षण. शंभर वर्षांच्या दुकानाचे रहस्य चवीइतकेच या भाडेपावतीत असते. हे भाडे घरमालकाला परवडत नाही, त्यामुळे दुरुस्ती होत नाही आणि इमारत खचते, हेही तितकेच खरे. पगडीच्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी स्वतंत्र नियमावली आणण्याची घोषणा राज्य सरकारने डिसेंबर 2025 मध्ये केली. तिच्यात राहत्या घराची चर्चा भरपूर होईल. गाळ्याचीही व्हायला हवी. नव्या इमारतीत मालकी मिळाली तरी देखभालखर्च, मालमत्ता कर आणि विजेचे बिल जुन्या भाड्याच्या कितीतरी पट होते. वाटीभर आइसक्रीम विकून ते भरायचे असते.

दुसरा प्रश्न दाराचा. मोहल्ल्यातले दुकान रस्त्यावर उघडते. येणारा-जाणारा दिसतो, उधारी ठेवणारा दिसतो, शाळेतून परतणारे पोर थांबते. तेच दुकान व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर गेले तर तिथे ठरवूनच जावे लागते. ठरवून येणारे गिऱ्हाईक आणि वाटेत थांबणारे गिऱ्हाईक यांत लहान दुकानाचे मरण-जगणे असते.

तिसरा प्रश्न माणसांचा. पुनर्विकासाच्या काळात कुटुंबे वर्षानुवर्षे तात्पुरत्या घरांत जातात. त्याआधीपासूनच जागेच्या अडचणीने मध्य मुंबईतला मुसलमान मीरा रोड, मुंब्रा, कुर्ला, मरोळकडे सरकत आला आहे. ही माणसे रमजानमध्ये मोहल्ल्यात परततात, जशी सासुरवाशीण माहेरी येते. शिवाय आता मोबाइलवर चित्रफिती पाहून सगळ्या जातिधर्मांची तरुण मुले रात्री मोहम्मद अली रोडवर येतात. हे आनंदाचे आहे. शहर एकमेकांच्या ताटात डोकावते तेव्हा गैरसमज कमी होतात. पण वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यावर दुकान बारा महिने चालत नाही. उरलेले अकरा महिने शेजाऱ्याने चालवायचे असतात, आणि शेजारी जर वाशीत किंवा मुंब्र्यात असेल तर तो घरपोच येणाऱ्या डब्याकडे वळतो.

पसरावे की टिकावे?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: शाखा काढा. त्याचे चांगले उदाहरण मुंबईतच आहे. मंगळुरूकडच्या एका फळविक्रेत्याचा मुलगा रघुनंदन कामत याने 1984 मध्ये जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केले. फळांच्या आइसक्रीमची तीच कल्पना, पण ती देशभर नेली. 2024 मध्ये कामत वारले तेव्हा त्यांचे नाव घराघरांत पोचलेले होते. दुसऱ्या टोकाला हिंदुस्तान युनिलिव्हरसारख्या कंपनीने 2024 मध्येच आपला आइसक्रीमचा धंदा वेगळ्या कंपनीत काढण्याचे ठरवले. थंड साखळी, फ्रीजर आणि घरपोच सेवा यांचे गणित साबण-पावडरीहून निराळे आहे, हे त्यामागचे एक कारण. मोठे भांडवल आता या धंद्यात अधिक एकाग्र होणार, एवढा अर्थ त्यातून निघतो.

पण प्रत्येक दुकानाने नॅचरल्स व्हावे, ही अपेक्षा बरोबर नाही. पसरणे हा एक रस्ता आहे, जागेवर टिकणे हा दुसरा. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमजवळ 1953 पासून वेफरमध्ये आइसक्रीमची वडी देणारे पारशी ‘के. रुस्तम’ आहे. पुण्याला मस्तानी आहे, कोल्हापूरला कॉकटेल आइसक्रीम आहे. त्या त्या गावच्या माणसाला ती गावाची खूण वाटते, कारण ती सगळीकडे मिळत नाही.

जागेवर टिकू पाहणाऱ्याला उपकार नकोत, तीन साध्या गोष्टी हव्यात. पहिली, कर आणि नोंदणीच्या नियमांत लहान आइसक्रीम उत्पादकाला इतर लहान उत्पादकांसारखीच वागणूक. दुसरी, समूह पुनर्विकासात जुन्या खाद्य-दुकानांना तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेली जागा आणि पहिली काही वर्षे देखभालखर्चात सवलत. तिसरी, रात्रीची मोकळीक. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने चोवीस तास दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. तरीही स्थानिक पातळीवर अडवणूक होते म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारला पुन्हा लेखी स्पष्ट करावे लागले की मद्याची दुकाने वगैरे वगळता इतरांना चोवीस तास परवानगी आहे. रमजानच्या रात्री ज्या दुकानाची महिन्याची कमाई होते, त्याच्यासाठी हा कागद महत्त्वाचा आहे. दुकानदार संघटनांनी तो छापून भिंतीला लावावा. कामगाराच्या जादा तासांचा मोबदला आणि सुटीही त्याच कायद्यात आहे, तीही तितक्याच ठळकपणे लावावी. संचाचा दांडा फिरवणारा हात रोजा ठेवून दिवसभर राबलेला असतो.

समाजाचेही काही देणे लागते. जकात गरिबाची असते, ती दुकानाला द्यायची नसते. पण खरेदी कुठे करायची हे आपल्या हातात आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर मोठ्या कंपनीचे डबे मांडून मग ‘जुनी दुकाने राहिली नाहीत’ अशी हळहळ करण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यातून दूर गेलेल्या कुटुंबांनी साखरपुडा, अकीका, ईद-मिलनाची ऑर्डर आपल्या जुन्या दुकानाला दिली, तर थंडीतल्या महिन्यांचीही वही भरेल.

रमजान पुन्हा मेच्या उत्तरार्धात येईल तो 2050 च्या आसपास. आजपासून चोवीस वर्षे. तोपर्यंत तो डिसेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट असा मागे मागे सरकत थंडी आणि पावसातून जाईल. या काळात दोन्ही हंगाम एकत्र येण्याचा फायदा दुकानाला मिळणार नाही. नेमक्या याच काळात पुनर्विकास पुरा व्हायचा आहे, पगडीचे नियम ठरायचे आहेत आणि घरपोच डब्यांची स्पर्धा वाढायची आहे. पाचवा फेरा पुरा होईल की नाही, हे या चोवीस वर्षांत ठरेल, आणि त्यातले निम्मे निर्णय दुकानदाराच्या हातात नाहीत. ते मंत्रालयात, जीएसटी परिषदेत आणि वास्तुविशारदाच्या नकाशावर होणार आहेत. नकाशा अजून पुरता आखला गेलेला नाही. दुकानाची जागा त्यावर आताच मागून घ्यावी.